लखनौहून, हेडफोन लावून

लखनौला पोस्टिंग म्हटलं की निवृत्त मित्र विचारतात, बेगम अख्तर ऐकतोस ना? ऐकतो. पण छावणीतली पोरं जे बँड ऐकतात, त्यातले काही आपणही ऐकावेत असं माझं मत आहे.

सुरुवात दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’पासून करा. २००० सालच्या त्यांच्या ‘कंदिसा’ अल्बमचं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. शब्द एकही कळत नाही, तरी नाइट ड्यूटीनंतर तेच लावावंसं वाटतं. असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज आणि तबला यात आहे.

मग बंगळुरूचा ‘परवाज’. काश्मिरी आणि उर्दूत गातात. खोऱ्यात नोकरी केलेल्यांच्या कानात ती भाषा नाक्यावरच्या चौकशीपुरतीच राहिलेली असते. ती एकदा गाण्यात ऐका.

‘अभंग रिपोस्ट’चं नाव काढलं की आपले ज्येष्ठ आठ्या घालतात. अभंगाला ड्रम, गिटार कशाला? अहो, मुंबईच्या भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा छापल्या, तेही सगळ्यांना रुचलं नव्हतं. त्यांनी १९२६ मध्ये इथे सुरू केलेलं कॉलेज आज विद्यापीठ आहे. एक अभंग पूर्ण ऐका, मग भांडा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येत नाही.