टीटीएमएम आणि ग्रीन करी

अमरावतीत थाई? आधी मलाही हसू आलं होतं. ज्या गावात संध्याकाळ म्हणजे दह्यात भिजलेला गिला वडा, तिथे ग्रीन करी कोण खाणार? पण परवा आमच्याच रस्त्यावरच्या एका छोट्या हॉटेलच्या मेन्यूकार्डात, चायनीजच्या मागच्या पानावर, चक्क 'थाई' सापडलं. ग्रीन करी फक्त 220 रुपये! मी लगेच अकोल्याला फोन लावला.

"काय बे, थाई खायाले येतं का?"

"अमरावतीले? थाई? हाव, आलोच."

हा आमचा अकोलेकर म्हणजे माझा पुण्यातला चार वर्षांचा रूम पार्टनर. पहिल्या पगाराला आम्ही दोघं एका पॉश थाई रेस्टॉरंटात गेलो होतो. मेन्यू उजवीकडून वाचला, म्हणजे आधी किमती. एक करी, दोन भात आणि 'पाणी कुठलं, सर?' या प्रश्नाला एका सुरात 'साधं'. तेव्हा आमचं सगळं टीटीएमएम होतं. तू तुझं, मी माझं. दुधाच्या पिशवीपासून पेट्रोलपर्यंत.

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. हा जॉब सोडून अकोल्याला गेला आणि वडिलांचं कृषी केंद्र सांभाळायला लागला. हॉस्पिटलच्या बिलासाठी मी त्याला 60 हजार दिले होते. आमच्या हिशेबातलं ते पहिलं उघडं राहिलेलं खातं. त्यानंतर फोन व्हायचे, पण जरा कमी. भेटी तर त्याहून कमी.

आता मी घरून काम करतो. म्हणजे करायचो. कंपनीचा मेल आलाय, 1 तारखेपासून पुण्यात हजर व्हा. नवा फ्लॅट, नवं डिपॉझिट. पैसे हवे होते. पण तुम्हीच सांगा, मित्राला विचारायचं कसं?

साहेब बाइकवर आले. अकोला-अमरावती रस्त्यावर जून 2022मध्ये 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. मला मात्र एक वाक्य बोलायला दोन वर्षं पुरली नव्हती.

आधी सोम ताम आलं. कच्ची पपई, मिरची, लसूण, लिंबू, शेंगदाणे, सगळं खलबत्त्यात ठेचलेलं. त्यानं एक घास घेतला. "बापा, हा त आपला ठेचाच हाय! फक्त पपई टाकली." तसं बघितलं तर खरंच. मिरची ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आशियात आली. दोघांनीही तिला खलबत्त्यात घातलं आणि घरचीच केली. लेमनग्रास म्हणजे आईच्या परसातला गवती चहा. ते लोक चिकनमध्ये जी 'होली बेसिल' टाकतात, ती आपल्या वृंदावनातलीच तुळस. 2002 साली थाई सरकारनं जगभर थाई रेस्टॉरंटं वाढावीत म्हणून मोहीमच काढली होती. आमच्या रस्त्यापर्यंत यायला तिला जरा वेळ लागला, एवढंच.

करी बरी होती. गलांगलच्या जागी आलं होतं, पेस्ट डब्यातली असावी, पण नारळाचं दूध सढळ आणि भात मोकळा. मी तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत होतो. एवढ्यात तोच म्हणाला, "तुले पैसे पाहिजे असन ना? पुण्याले चालला म्हणे."

"अरे, तसं काही नाही..."

"नाई कसं? म्या दोन वर्षं तुह्या घरी यायचं टाळलं, काहून? दारात आलो का तेच आठवायचं."

मी गप्प. मला वाटायचं, मी मागत नाही म्हणजे मोठं मन दाखवतोय. त्याला मात्र तेच ओझं झालं होतं. त्यानं मोबाइल काढला, तिथेच 20 हजार टाकले. उरलेले महिन्याला 5 हजार, आठ महिने. 'राहू दे रे' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ते बोललो असतो, तर पुढच्या वेळी तो थाई खायला आलाच नसता.

बिल आलं 609. मी पाकीट काढणार, तर त्यानं माझा हात धरला.

"टीटीएमएम."

टिप धरून प्रत्येकी 325. पुण्यातल्या त्या पॉश ठिकाणी असतो, तर यातला कुणीतरी एक 'मी देतो' म्हणाला असता, आणि दुसऱ्याच्या मनात आणखी एक खातं उघडं राहिलं असतं. स्वस्त हॉटेलचा हा फायदा कुठल्याच मेन्यूकार्डावर छापत नाहीत. तिथं दोघांनाही आपापला अर्धा वाटा परवडतो.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पुढचं थाई पुण्यात?"

"पुण्याले कायले? महाग पडते," किक मारत तो म्हणाला. "दिवाळीले तूच ये अकोल्याले. आई ठेचा करन. पपई तू आणजो."