शंभर घागरींचे न्हाणे

गेल्या नरकचतुर्दशीला सकाळी फराळाची ताटे मांडीत असतानाच इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या भाचीने पाठविलेली छायाचित्रे आली. हेरफर्डशायर परगण्यातील लेडबरी या गावाजवळ तिच्या कुटुंबाने चार दिवसांसाठी एक लहानसे कॉटेज भाड्याने घेतले होते. त्या गावातील सतराव्या शतकातले बाजारघर लाकडी खांबांवर उभे आहे. इंग्लंडात अशी बाजारगावे पुष्कळ. जुन्या काळी राजाची सनद मिळाली म्हणजे तेथे आठवड्याचा बाजार भरू लागे. आता शहरातील माणसे विश्रांतीसाठी अशा गावांकडे धाव घेतात. छायाचित्रात घरामागच्या अंगणात एक गोल लाकडी हौद होता, त्यातून वाफा निघत होत्या, आणि भाची, जावई व दोन्ही मुले गळ्यापर्यंत त्यात बुडून हसत होती. खाली लिहिले होते, "मावशी, हे आमचे अभ्यंगस्नान!"

मला हसू आले, आणि थोडा हेवाही वाटला. खोटे कशाला सांगू?

हे छायाचित्र मी आमच्या कुटुंबातील इतरांना दाखविले, आणि तेथूनच एक प्रकरण सुरू झाले. ते आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण अशी जुनी घरे आणि असे प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या पदरी आहेत.

आमचे जुने घर कॅसलरॉकला आहे. ज्यांनी हे गाव केवळ आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असेल, त्यांना ते एक लांबलचक फलाट, कौलारू इमारती आणि धुके एवढेच आठवेल. पोर्तुगीजांच्या गोव्यातून मुरगावपासून निघालेला लोहमार्ग १८८८ च्या सुमारास घाट चढून येथे पोहोचला. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. आजही जड गाड्यांना तेथे जादा इंजिने जोडावी लागतात. वाटेत दूधसागर गाडीच्या अगदी अंगावर येतो. गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, कॅसलरॉक हे सरहद्दीचे गाव होते. येथे जकातीचे अधिकारी प्रवाशांच्या ट्रंका उघडीत. पुढे सरहद्द गेली, १९९० नंतरच्या दशकात मीटरगेज रूळही गेले, आणि गाव निवांत झाले. आमच्या आजोबांनी बांधलेल्या घरात आता माझी काकू एकटी राहते. तिचे वय शहाऐंशी.

काकूचा नातू बंगळूरला असतो. मुलगा हुशार, मेहनती आणि मनाने चांगला. ते छायाचित्र पाहून त्याच्या मनाने घेतले की, आपल्या घरीही पाहुण्यांसाठी दोन खोल्या कराव्यात आणि मागील अंगणात असाच हॉट टब बसवावा. दांडेली, गणेशगुडी, जोयडा या बाजूस अशी निवासस्थाने कितीतरी झाली आहेत; काळी नदीवर होड्या चालतात, पक्षी पाहायला दुरून माणसे येतात. "आत्या, घर नुसते उभे राहिले तर पाच वर्षांत कौले खाली येतील. घराने स्वतःचा खर्च स्वतः काढला पाहिजे," असे तो मला म्हणाला. यात चूक काय? त्या वर्षी वाश्यांना वाळवी लागली होती, आणि दुरुस्तीचे पैसे त्याच्याच पगारातून गेले होते.

मात्र त्याच्या आराखड्यात हौदाची जागा नेमकी न्हाणीघराच्या ठिकाणी पडत होती.

मार्गशीर्षात आम्ही सगळे तिकडे जमलो. नातवाने आजीला मोठ्या प्रेमाने समजावून सांगितले. या हौदाचा जन्मच मुळी औषधासाठी झाला, असे तो म्हणाला, आणि ते खरे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जकुझी या इटालियन कुटुंबातील एकाच्या लहान मुलाला संधिवाताचा विकार होता. त्याच्यासाठी घरच्या टबात बसविता येईल असा पाणी घुसळणारा पंप त्या कुटुंबाने १९५६ मध्ये तयार केला. पुढे १९६८ मध्ये त्याच घराण्यातील दुसऱ्याने पंप आणि टब एकत्र केले, आणि औषधाची चैन झाली. "आजी, तुझ्या गुडघ्यांनाही बरे वाटेल," असे नातू म्हणाला.

काकूने शांतपणे विचारले, "पाणी किती लागते रे बाबा?"

"बाराशे लिटरच्या आसपास."

काकूची घागर बारा लिटरांची. तिने हिशेब लगेच केला. "म्हणजे शंभर घागरी. एका न्हाण्याला?"

नातवाचे म्हणणे असे की, ते पाणी रोज बदलायचे नसते. गाळून, औषध घालून तेच वापरतात. येथे मी थोडी भर घातली, कारण मधल्या काळात मीही भाचीकडून माहिती मागविली होती. कोमट पाणी साचून राहिले आणि त्याची निगा चुकली, तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात व फुप्फुसांचा गंभीर विकार जडू शकतो. म्हणून इंग्लंडच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २०१७ मध्ये अशा हौदांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे. भाड्याच्या घरी एक कुटुंब गेले आणि दुसरे आले, की हौद रिकामा करून, घासून, नव्याने भरावा अशी तेथे अपेक्षा असते. पाण्याची उष्णता चाळीस अंशांवर जाऊ द्यायची नाही, आणि गर्भवती स्त्रियांनी व हृदयविकार असलेल्यांनी वैद्याला विचारल्याविना त्यात उतरायचे नाही. शिवाय औषध घातलेले ते पाणी झाडांना घालता येत नाही. आमच्या न्हाणीचे पाणी मात्र पाटाने केळींना जाते.

विजेचाही हिशेब मी मांडला. बाराशे लिटर पाणी वीस अंशांवरून अडतीसवर न्यायचे म्हणजे सुमारे पंचवीस युनिटे वीज; आणि ते ऊन राखायला लागेल ती वेगळी.

वीज हा शब्द निघाला तशी काकू उठून आत गेली. नातवाला वाटले, आजी रागावली. मला कारण ठाऊक होते.

काकूचे माहेर सुपा. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे ते गाव, एके काळचे तालुक्याचे ठिकाण. धरणाचे काम १९८७ मध्ये पुरे झाले, गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. एकशे एक मीटर उंचीच्या त्या भिंतीमागच्या पाण्यावर आज वीज तयार होते. उठविलेल्या अनेक कुटुंबांना रामनगरला वसविण्यात आले. काकूचे भाऊ त्यांतलेच. धरण झाले नसते तर बरे झाले असते, असे काकू कधीही म्हणाली नाही. "गावोगाव दिवे लागले ना," एवढेच ती म्हणते. पण माहेरचा उंबरठा पाण्याखाली गेलेल्या बाईला 'मौजेसाठी थोडी वीज' हे शब्द कसे ऐकू येत असतील, याचा विचार आम्ही कोणी केला नव्हता.

थोड्या वेळाने ती परतली, ती रहाटाचा दोर घेऊन. नातवापुढे तो ठेवून म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. घर तुझे आहे. वैशाखातल्या अमावास्येला ये आणि हा दोर विहिरीत सोड. तळाला टेकल्यावर चार हात ओला झाला, तर तुझा हौद बांध; न्हाणीघर मी स्वतः पाडून देईन. नाहीतर नको."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पावसाळ्यात कॅसलरॉकला आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. भिंतींना बुरशी आणि अंथरुणाला ओल येते. पण ते पाणी घाटाखाली धावते. आमच्या विहिरीला ते थांबून भेटत नाही. चैत्र सरता सरता तिचा तळ दिसू लागतो, आणि मुलांच्या सुट्या, म्हणजे पाहुण्यांची वर्दळ, नेमकी त्याच वेळी.

नातू शब्दाचा पक्का. वैशाख अमावास्येला तो आला. मीही गेले होते. त्याने स्वतः दोर सोडला, स्वतः वर ओढला. दोर दोन हात आणि वर चार बोटे ओला होता. कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी त्याने आराखड्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तथापि घराचा खर्च निघाला पाहिजे हे त्याचे म्हणणे खोटे ठरले नव्हते, आणि ते काकूलाही मान्य होते. मग रात्री अंगणात बसून नवा विचार झाला. पाहुण्यांच्या खोल्या दोनच करायच्या. व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात परवानग्यांचे नियम कडक आहेत. म्हणून नवे बांधकाम न करता आहे तेच घर दुरुस्त करायचे आणि रीतसर परवानगी घ्यायची. न्हाणीघर पाडण्याऐवजी नीट करायचे: जमिनीला नवी फरशी, उताराला नवा पाट, आणि तांब्याच्या भाणाला कल्हई. सरपणासाठी जंगलात जायचे नाही. आमच्याच कुळागरातील करवंट्या, सोडणे आणि पोफळीची झावळे पुरतात. पाहुण्याला एक घंगाळ ऊन पाणी, हवे तर तेल आणि शिकेकाई. जेवणात कुणबी शेतकऱ्यांकडून घेतलेली कंदमुळे. एप्रिल आणि मे महिन्यांत पाहुणे घ्यायचे नाहीत. पैसे कमी मिळतील, हे नातवाने कागदावर मांडून दाखविले. कौलांपुरते निघतील, वाश्यांचे पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले.

भाचीला मी हे सर्व कळविले. तिच्या सुटीचा आनंद मला उणा करायचा नाही; तिच्या त्या थंड गावी पाणी आहे, निगा राखणारी माणसे आहेत, आणि चार दिवस मुले आईबापांसमवेत एका हौदात बसून बोलली, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे उत्तर आले: "येत्या नाताळात आम्ही कॅसलरॉकला येतो. खोली राखून ठेवा. पैसे देऊ."

काकूला ते वाचून दाखविले तेव्हा ती भाणाखालचा विस्तव सारीत होती. "पैसे कसले घ्यायचे घरच्या माणसांकडून," ती म्हणाली. मग थोडे थांबून, नातवाकडे पाहत तिने पुस्ती जोडली, "बरे, घेऊ. पण विसण मी घालीन. तिला पाणी फार कढत लागत नाही."