कुर्दांचा प्रश्न आणि युरोपचें देणें

गेल्या सत्रांत आशियाचा नकाशा टांगून आम्ही तैग्रिस व युफ्रातिस या नद्यांचीं खोरीं दाखवीत होतों. तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कुर्द लोकांचा देश यांत कोठें आहे?" आम्हीं छडी तुर्कस्तानावर ठेविली, तेथून ती इराण, इराक, सीरिया अशी फिरविली आणि खालीं ठेविली. अडीच-तीन कोटींहून अधिक माणसांचा हा समाज चार राज्यांत वांटला गेला आहे. त्या सरहद्दी कोणीं आखल्या, हें त्या मुलानें विचारलें नाहीं. पण खरा प्रश्न तोच आहे.

इराणाकडील सरहद्द तुर्की सुलतान व इराणचे शहा यांनीं सतराव्या शतकांतच ठरविली होती. तिचा दोष युरोपच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. बाकीच्या मात्र पहिल्या महायुद्धानंतर युरोपीय मुत्सद्द्यांच्या मेजावर ठरल्या. ऑगस्ट 1920 मधील सेव्रच्या तहांत, 62 ते 64 या कलमांनीं, कुर्दांस स्थानिक स्वायत्तता देऊं केली होती. वर्षाच्या आंत बहुसंख्यांनीं मागणी केली व राष्ट्रसंघास ते पात्र वाटले, तर स्वातंत्र्याचीही वाट ठेविली होती. जुलै 1923 मध्यें लोझान येथें दुसरा तह झाला. त्यांत कुर्दांचें नांवही नव्हतें! डिसेंबर 1925 मध्यें राष्ट्रसंघानें मोसल प्रांत इंग्रजांच्या देखरेखीखालील इराकास दिला. तेथें कुर्द अधिकारी नेमावे व शाळांत कुर्दी भाषा असावी अशी शिफारस सोबत होती खरी. पण मोसलच्या भूमींत तेल होतें, आणि मुत्सद्द्यांचें लक्ष शिफारशीपेक्षां तेलाकडे अधिक होतें. सुलेमानियाच्या शेख महमुदास 1919 मध्यें पकडून आपल्या हिंदुस्थानांतच हद्दपार केलें होतें. 1922 मध्यें त्यास परत नेऊन अधिकारावर बसविलें, आणि तो ऐकेना तेव्हां त्याच्या शहरावर विमानांतून बाँब टाकले. त्याच इराकांत, दक्षिणेस कूत येथें, 1916 मध्यें आमच्या मराठा पलटणी वेढ्यांत अडकून उपाशी मेल्या, हें आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?

हा सारा जुना इतिहास म्हणून सोडून द्यावा, तर 16 मार्च 1988 चा दिवस आडवा येतो. त्या दिवशीं सद्दाम हुसेनच्या विमानांनीं हलब्जा गांवावर विषारी वायू सोडला व सुमारें 5000 माणसें मेलीं. त्या राजवटीस विषारी वायूसाठीं लागणारीं रसायनें पुरविणाऱ्या एका डच व्यापाऱ्यास 2005 मध्यें हेग येथील न्यायालयानें युद्धगुन्ह्यांतील साथीदार ठरवून शिक्षा दिली.

आमच्याच मंडळींतील एक वडील गृहस्थ म्हणतात, "ज्यांनीं 1915 मध्यें आर्मेनियन व असिरियन ख्रिस्ती लोकांच्या कत्तलींत हात दिला, त्यांची कड आपण कां घ्यावी?" हें लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. अनेक कुर्द टोळ्या त्या पापांत होत्या. 1918 मध्यें असिरियन धर्मगुरु मार शिमून यांचा खून एका कुर्द सरदारानेंच केला. पुढें 1984 पासून तुर्कस्तानांत पेटलेल्या बंडांत सुमारें 40,000 जीव गेले, आणि बंडखोरांनीं कित्येक शाळामास्तरांसही ठार मारिलें. आम्ही स्वतः मास्तर आहों. हें लिहितांना हात अडखळतो. तथापि आजोबांच्या रक्तदोषासाठीं नातवाची भाषा हिरावून घ्यावी, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

भाषेचाच प्रश्न पाहा. 1991 मध्यें लेयला झाना या बाईंनीं तुर्की पार्लमेंटांत शपथ घेतांना कुर्दी भाषेंत एक वाक्य उच्चारिलें. 1994 मध्यें त्यांस तुरुंगवासाची शिक्षा झाली. युरोपीय पार्लमेंटनें 1995 मध्यें त्यांस साखारोव पारितोषिक दिलें. त्याच काळांत जर्मनीनें तुर्कस्तानास पूर्व जर्मनीच्या फौजेचीं उरलेलीं शस्त्रें व चिलखती गाड्याही दिल्या. 2016 मध्यें निर्वासितांस आपल्या किनाऱ्यापासून दूर ठेवण्यासाठीं युरोपनें 600 कोटी युरोंचा करार केला. ज्याच्याशीं असा सौदा झाला, त्यास कान धरून बोलणें मग अवघड जातें.

नवी सरहद्द आखा, असें आम्ही युरोपला मुळींच सांगत नाहीं; त्या पेन्सिलीनें पुष्कळ नुकसान केलें आहे. फेब्रुवारी 2025 मध्यें कैदेंतील बंडखोर पुढारी ओजालान यानें अनुयायांस शस्त्रें खालीं ठेवण्यास सांगितलें; मे महिन्यांत त्यांच्या पक्षानें संघटना मोडण्याचें जाहीर केलें, आणि जुलैंत सुलेमानियाजवळ कांहीं जणांनीं आपल्या बंदुका जाळल्या. बंदूक टाकणाऱ्याच्या हातीं दुसरें कांहीं तरी दिलें पाहिजे. येथेंच युरोपचें काम आहे. कुर्दी 2012 पासून तुर्की सरकारी शाळांत ऐच्छिक विषय झाली; पण मातृभाषा म्हणून तुर्कीखेरीज दुसरी भाषा शिकवूं नये, हें तेथील घटनेचें 42 वें कलम आहे. शस्त्रें विकतांना व व्यापाराच्या सवलती देतांना या कलमाविषयीं बोलण्यास युरोपला कोणीं अडविलें आहे? आणि त्याआधीं घरचेंच पाहावें. डिसेंबर 2020 मध्यें स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय न्यायालयानें कुर्द पुढारी देमिर्ताश यांस तत्काळ सोडावें असा निकाल दिला. त्यानंतर वर्षांमागून वर्षें गेलीं, तरी ते तुरुंगांतच राहिले. आणि ज्या राष्ट्रांचें तें न्यायालय, त्यांनीं खेद व्यक्त करणारीं पत्रकें काढलीं.