दोरीच्या गाठी

“खुरपे सुटावे म्हणून पोराला वसतिगृहात ठेवले, तुम्ही पुन्हा खुरपेच हाती देता?” काही वर्षांपूर्वी पालक सभेत एका मातेने विचारलेला हा प्रश्न आम्हां शिक्षकांना बोचला, कारण तो रास्त होता. वतनाच्या नावाखाली ज्यांच्या पूर्वजांनी गावकीची वेठ केली, ते वतन कायद्याने जाण्यास १९५८ साल उजाडावे लागले, त्यांच्या लेकरांना ‘मातीशी नाते जोडा’ असे सांगणे सोपे. ऐकणे सोपे नाही.

तेव्हापासून शिक्षा म्हणून अंगमेहनत देणे आम्ही बंद केले. दरवर्षी पाहुण्यांच्या हस्ते, बहुधा गतवर्षीच्याच खड्ड्यांत, होणारे वृक्षारोपणही आटोपते घेतले. त्याऐवजी शनिवारी दुपारी दोन तास मुलांना ओढ्याकाठी, माळावर, विहिरीवर नेऊ लागलो. पाहायचे, मोजायचे, वहीत लिहायचे, एवढेच.

विहिरीचे पाणी मोजण्याचे काम आठवीच्या मुलांनी मागून घेतले. हात-हात अंतरावर गाठी मारलेली दोरी, टोकाला दगड. दिवाळीत काठापासून पाचव्या गाठीवर असलेले पाणी होळीपर्यंत चौदाव्या गाठीवर गेले. त्यानंतर न्हाणीघरातील नळ वाहताना दिसला, की हीच मुले धावत जाऊन तो बंद करू लागली. ‘पाणी वाचवा’ ही पाटी तेथे कित्येक वर्षे होतीच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे पुस्तके आली, प्रकल्पवह्याही आल्या. वह्यांतील चित्रे मात्र बहुधा दुकानातून येतात.

सर्वच मुले बदलली असे नाही. ओढ्याकाठी वेफर्सची पाकिटे टाकणारेही आमचेच विद्यार्थी.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हक्कासाठी. ज्या पाण्याला हात लावण्याची मुभा नाही, त्याची निगा राखण्याची बुद्धी कोणास व्हावी? आमच्या एका विद्यार्थ्याने सुटीत तीच दोरी गावी नेली आणि ज्या विहिरीवर त्याच्या आजोबांना पाय ठेवू दिला जात नव्हता, तिचे पाणी मोजून वहीत लिहून आणले. ही नोंद कोणत्याही प्रकल्पवहीत बसणारी नव्हती.

यंदा दहावीच्या त्या दोन तासांत गणिताचे जादा वर्ग घ्यावेत, अशी पालकांची मागणी आहे. गुणांची निकड आम्हीही जाणतो. सकाळच्या वंदनेआधी वर्ग घेण्यास आमची तयारी आहे. शनिवारची दुपार मात्र आम्ही देणार नाही.