समजून घ्या : ट्रॅक्टर रिकामा नको, लोडवर तपासा

खरिपाआधी जळगाव, धुळे जिल्ह्यांत नांगरट आणि रोटाव्हेटरची घाई असते. त्यापूर्वी ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग होते. ऑइल बदलले, उभ्या ट्रॅक्टरला रेस दिली, आवाज ठीक वाटला की काम संपले. डिझेल खाणारा दोष मात्र यात सापडत नाही.

का सापडत नाही?
रिकाम्या इंजिनाला गव्हर्नर थोडेच डिझेल सोडतो. नांगर जमिनीत गेला की डिझेल वाढते, हवाही जास्त लागते. एअर फिल्टर धुळीने चोंदला असेल किंवा नोझल बिघडले असेल, तर ते इथे उघडे पडते.

लोड टेस्ट म्हणजे काय?
पीटीओला डायनॅमोमीटर जोडून इंजिनावर ठरावीक भार देतात. ताकद, आरपीएम आणि डिझेलचा खप मोजतात. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या मॉडेलची अशी चाचणी होते. ५० एचपीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे कडक नियम लागू झाले. पण हे सगळे नव्या ट्रॅक्टरपुरते. दहा वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरची आजची स्थिती त्यातून कळत नाही.

हलके काम इंजिनाला चांगले?
नेहमीच नाही. फवारणी, टँकर किंवा उभा ट्रॅक्टर तासन्‌तास चालू ठेवणे, यात इंजिन पुरेसे तापत नाही. डिझेल अर्धवट जळते, नोझल आणि रिंगांवर काजळी धरते. अधूनमधून भाराचे काम दिल्यास ओली काजळी जळून जाते. घट्ट कार्बन आणि झिजलेल्या रिंगांना मात्र दुरुस्तीच लागते.

शेतात कसे तपासाल?
• टाकी काठोकाठ भरा, एक एकर रोटाव्हेटर मारा, पुन्हा भरा. लागलेले लिटर लिहून ठेवा. दरवर्षी तेच शेत, तोच गिअर ठेवा.
• भारावर सतत काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा : इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनाचा पांढरा : डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी जाते आहे.
• आरपीएम फार घसरला किंवा तापमानाचा काटा चढला, तर लगेच भार काढा.

तासाला एक लिटर जास्त लागले, तर ५०० तासांत ५०० लिटर डिझेल जाते. एकेका शेतकऱ्याला डायनॅमोमीटर परवडणारा नाही. पाल, ममुराबाद आणि धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रांत हंगामापूर्वी अशी तपासणी शिबिरे भरली, तर हा खर्च गावोगाव वाचू शकेल.