मागचे धनी कोण, ते आधी सांगा

जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेला आमच्याकडचा माणूस टायर दाबून बघतो, धूर काळा की पांढरा ते बघतो, बोनेटवर हात फिरवतो आणि लगेच विचारतो, "किती म्हणता?" तिथेच तो हरतो. समोरच्याला त्या ट्रॅक्टरची जन्मापासूनची सगळी कुंडली माहीत असते आणि याला फक्त रंग दिसत असतो. पुढे पाच-दहा हजार कमी करून घेतले म्हणून तो खूश होऊन घरी येतो. त्याला घासाघीस म्हणायला मी तयार नाही. दलालाने आधीच वाढवून ठेवलेली ती रक्कम असते, तीच तो परत देतो.

हाच माणूस हाळी-हंडरगुळीच्या बाजारात लाल कंधारी गोऱ्हा घ्यायला जातो तेव्हा दात मोजतो, चालवून बघतो, औताला धरून बघतो आणि "कोणाच्या दावणीचा?" हे कळल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. मग काही लाखांच्या यंत्राच्या वेळी त्याची जीभ का अडखळते? कारण मध्यस्थ पाहुण्यातला असतो. "आपल्यातलंच आहे, कागद काय बघता?" एवढं तो म्हणाला की बापजाद्यांची सगळी अक्कल गहाण पडते. या एका वाक्यावर ताडकळसपासून गंगाखेडपर्यंत दलालांची घरं चालतात, आणि ती आपण चालवतो.

माल येतो कुठून ते बघा. हप्ते थकले की फायनान्स कंपनी ट्रॅक्टर ओढून नेते, यार्डात लावते, लिलावात काढते. दलाल तो उचलतो, रंग मारतो, टायर बदलतो आणि पाडव्याच्या तोंडावर रस्त्याकडेला हार घालून उभा करतो. त्याच्याकडे लिलावाचं पत्र असतं आणि तो कितीला सुटला ते त्यावर लिहिलेलं असतं. खरा भाव त्या आकड्यापासून सुरू होतो. रंगाचे, टायरचे आणि त्याच्या कष्टाचे पैसे त्यावर लावा, मी नको म्हणत नाही. पण ते पत्र दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्यापुढे इसाराची नोट काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

सरकारच्या 'वाहन' नोंदीत गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, गाडी काळ्या यादीत आहे का, एवढं मोबाईलवर दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. तरी लोक करत नाहीत, आणि करतात ते अर्धंच वाचतात. नोंदीत 'मालक क्रमांक 1' दिसला की हरखून जातात. पण विकणारा तर तो पहिला मालक नसतोच. मधले तीन धनी नुसत्या बाँड पेपरवर होऊन गेलेले असतात. पहिल्या मालकाने सह्या करून दिलेले कोरे फॉर्म 29 आणि 30 हातोहात फिरत असतात. आरसी एकाची, ताबा दुसऱ्याचा, विमा कोणाचा तर देवाला ठाऊक!

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंद करायची असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एक कार 2007 मध्ये विकली गेली, पुढे हातोहात फिरली, आणि 2009 मध्ये तिने एक जीव घेतला. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच होतं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. तेव्हा "फॉर्मवर सही दिली, आपण सुटलो" असं समजणाऱ्या विकणाऱ्यांनीही जागं व्हावं. घेणाऱ्याचं दुखणं वेगळं. आरसी नावावर नसलेला ट्रॅक्टर चोरीला गेला, तर विम्यासाठी कोणत्या तोंडाने भांडणार?

आमच्या गोदाकाठच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, हा ट्रॅक्टर वाळूवर होता का? महसूल संहितेच्या कलम 48 खाली पकडलेलं वाहन दंड आणि बंधपत्र घेऊन सुटतं. पोलिसांच्या गुन्ह्यातलं वाहन न्यायालय सुपुर्दनाम्यावर सोडतं, तेव्हा खटला संपेपर्यंत ते विकायचं नाही, ही अट बहुधा असते. असा मुद्देमाल तुमच्या दारात आला तर पैसे दिलेले तुम्ही, आणि तारखेला हजर करायचा ट्रॅक्टरही तुमच्याकडेच. विकणारा हे सांगणार नाही. तहसीलमध्ये आणि पोलीस ठाण्यात आपणच विचारायचं, आणि विचारताना लाजायचं नाही.

लोखंडही बोलतं. मागे एका नातेवाइकासोबत एक ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. तासांचं मीटर जेमतेम दोन हजार दाखवत होतं. क्लचच्या पायडलचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. ट्रॉली जोडायच्या पट्टीतलं पिनचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. नुसती पेरणी-पाळी करणाऱ्या ट्रॅक्टरचं भोक असं होत नसतं, दोन-दोन ट्रॉल्या ऊस वर्षानुवर्षं ओढला की होतं. चासी नंबरावर रंगाचा जाड थर होता. तो खरवडू द्या म्हटलं तर विकणारा भडकला, "विश्वास नाही का?" मी म्हटलं, "नाही." सौदा मोडला, आणि मोडला ते उत्तम झालं. ज्याचा माल सरळ आहे त्याने स्वतः चाकू आणून नंबर मोकळा करून दाखवावा.

गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात गेली की तशी खबर नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या आमच्याकडच्या दलालांना ते पत्र कोणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. परभणीच्या आरटीओने इकडे फेरी मारून ते मागावं. बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आणायचं कामही विकणाऱ्याचं आहे. "तुम्ही परभणीला जाऊन करून घ्या" हे उत्तर कोणी ऐकून घेऊ नये.

इसार देण्याआधी मूळ आरसी, बोजा उतरल्याचा कागद, लिलावाचं पत्र असेल तर ते, आणि मधल्या प्रत्येक धन्याचा बाँड समोर ठेवायला सांगा. जमलं तर पहिल्या मालकाला फोन लावा, किती हप्ते फेडले, कशाला लावला, इंजिन कधी उघडलं, कितीला दिला, सगळं विचारा. दलाल चिडला तर चिडू द्या. परभणी, वसमत, नांदेड, कुठेही जा, जुने ट्रॅक्टर रांगेने उभे आहेत.