दुकानाच्या दारातला कुत्रा आणि खोट्या दाव्यांचा बाजार

आपल्या समाजातील बरीच मुले आता अमेरिका-इंग्लंडमध्ये धंदा करतात. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाचे हॉटेल, कोणी टॅक्सी चालवतो, तर कोणी आमच्यासारखाच कपडा विकतो. त्यांच्या धंद्यातला एक प्रश्न इथल्या पेठेत गादीवर बसून ऐकला तर हसू येते. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज त्यावर लिहीत आहोत. प्रश्न आहे दुकानात येणाऱ्या कुत्र्याचा.

आमचा एक भाचा न्यू जर्सीत साड्या आणि ड्रेस मटेरियलचे दुकान चालवतो. मध्यंतरी फोनवर फार वैतागलेला होता. "मामू, इथे ज्याला पाहावे तो कुत्र्याला जाकीट घालून आत आणतो आणि सर्व्हिस डॉग आहे म्हणून सांगतो. परवा अशाच एका कुत्र्याने शिफॉनच्या गठ्ठ्यावर पाय वर केला. मी काही बोललो नाही." दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई कुत्रा घेऊन आली. डोळे धड, हातपाय धड. भाच्याने आदल्या दिवसाचा राग तिच्यावर काढला. सर्टिफिकेट दाखवा म्हणाला. तिच्याकडे ते नव्हते. तिला दारातूनच परत पाठवले. नंतर शेजारच्या दुकानदाराकडून कळले की त्या बाईला फेफऱ्याचा आजार आहे. झटका आला की कुत्रा तिच्याजवळ बसून राहतो आणि भुंकून माणसे गोळा करतो. म्हणजे खोटा कुत्रा आत आला आणि खरा बाहेर गेला. "मामू, रात्री झोप लागली नाही," असे तो म्हणाला. झोप लागली नाही, हे आम्हाला बरे वाटले.

कायदा काय सांगतो?

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हा भाग मुलांना जरूर कळवावा. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा १९९० साली झाला. त्याखालचे सुधारलेले नियम मार्च २०११ पासून लागू आहेत. त्या नियमांप्रमाणे सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग माणसाच्या विशिष्ट कामासाठी शिकवून तयार केलेला कुत्रा. आंधळ्याला रस्ता दाखवणे, बहिऱ्याला आवाजाची सूचना देणे, चाकाच्या खुर्चीतील माणसाची पडलेली वस्तू उचलून देणे, ही कामे झाली. नुसत्या सोबतीने मनाला धीर देणारा कुत्रा यात बसत नाही.

कुत्रा कशासाठी आहे हे दिसून येत नसेल तर दुकानदाराने दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे काय? दुसरा, त्याला कोणते काम शिकवले आहे? यापुढे जायचे नाही. आजार कोणता, हे विचारता येत नाही. कागद मागता येत नाही. काम करून दाखव, असेही म्हणता येत नाही. आमच्या भाच्याची चूक इथेच झाली. जाकीट किंवा पट्टा घातलाच पाहिजे, असाही नियम नाही. कुत्र्याची भीती वाटते किंवा त्याच्या केसांनी शिंका येतात, ही कारणे चालत नाहीत. जादा पैसे घेता येत नाहीत. खाण्यापिण्याच्या दुकानातही त्याला येऊ द्यावे लागते. धार्मिक संस्थांना या भागातून सूट आहे, पण मुसलमानाचे दुकान ही काही मशीद नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. हा कायदा दुकानदाराचे हात बांधून ठेवत नाही. कुत्रा आवरत नसेल आणि मालकही त्याला आवरत नसेल, किंवा तो आत घाण करत असेल, तर त्याला बाहेर न्या असे सांगण्याचा दुकानदाराला पूर्ण हक्क आहे. मग तो खरा सर्व्हिस डॉग का असेना. फक्त कुत्र्याशिवाय त्या माणसाला माल देण्याची तयारी ठेवली पाहिजे. मालाचे नुकसान झाले आणि एरवी इतर ग्राहकांकडूनही आपण ते वसूल करत असू, तर भरपाईही मागता येते. म्हणजे शिफॉनच्या गठ्ठ्यावर पाय वर करणाऱ्या कुत्र्याला भाच्याने तेव्हाच बाहेर काढायला हवे होते. तिथे तो गप्प बसला आणि जिथे गप्प बसायचे तिथे बोलला.

लबाडी कुठून येते?

अमेरिकेत या कुत्र्यांची सरकारी नोंदणी नाही. अपंग माणूस आपला कुत्रा स्वतः शिकवू शकतो. दारोदार कागद दाखवत फिरण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे, पण लबाडांनी त्याच दारातून वाट काढली. जाकीट आणि छापील सर्टिफिकेट पैसे मोजले की घरपोच मिळते. तिथल्या न्याय खात्याने स्पष्ट सांगितले आहे की असल्या सर्टिफिकेटाने कुत्र्याला कोणताही हक्क मिळत नाही. तरी विक्री चालू आहे. विमानात तर कहर झाला. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक बाई मनाला आधार देणारा प्राणी म्हणून चक्क मोर घेऊन आली होती. कंपनीने तो चढू दिला नाही. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलले आणि सोबतीच्या प्राण्यांना सर्व्हिस डॉग मानण्याचे बंधन विमान कंपन्यांवरून निघाले.

काही राज्यांनी शिक्षाही ठेवल्या आहेत. कॅलिफोर्नियात खोटा दावा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फ्लोरिडाने २०१५ साली असाच कायदा केला. त्यात कैद-दंडाबरोबर अपंगांची सेवा करणाऱ्या संस्थेत तीस तास काम करण्याची सजा आहे. ही सजा आम्हाला फार पसंत पडली. पण गुन्हा शाबीत करणे अवघड, कारण दुकानदाराला कागदही मागता येत नाही आणि आजारही विचारता येत नाही.

जपानने वेगळी वाट धरली. तिथे २००२ सालच्या कायद्याने अशा कुत्र्याची परीक्षा होते, त्याच्या अंगावर खूण लावावी लागते आणि मालकाला कागद जवळ बाळगावा लागतो. व्यापारी म्हणून आम्हाला आधी हीच पद्धत बरी वाटली. शिक्का असला की काम झाले! पण मग आमच्या धंद्याची आठवण झाली. हातमागाच्या कापडासाठी सरकारने २००६ साली हँडलूम मार्क आणला. चांगले केले. तरी हातमागाच्या नावाने यंत्रमागाचे कापड विकणे थांबले का? ज्याला फसवायचे आहे तो शिक्काही छापतो. जाणकार माणूस पैठणी घेताना नुसते लेबल वाचत नाही, ती उलटी करून पाहतो. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच साफ असते, यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात. कुत्र्याचेही तसेच आहे. शिकवलेला कुत्रा मालकाच्या पायाशी बसतो. मालाला तोंड लावत नाही, गिऱ्हाइकांवर धावत नाही. तेव्हा जाकीट पाहू नका, वागणूक पाहा. अमेरिकेचा कायदाही अखेर हेच सांगतो.

आपले दुखणे

काही बंधू म्हणतील, कुत्रा नापाक आहे, आम्ही त्याला आत घेणारच नाही. या मुद्द्यावर आपल्या लोकांनी परदेशात नुकसान सोसले आहे. अमेरिकेतील मिनियापोलिसच्या विमानतळावर काही मुसलमान टॅक्सीवाल्यांनी दारू बाळगणारे उतारू नाकारले, काही वेळा कुत्रा बरोबर असलेलेही नाकारले. २००७ साली विमानतळाने ठरवले की पहिल्या नकाराला तीस दिवस परवाना बंद आणि दुसऱ्याला दोन वर्षे रद्द. इंग्लंडमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली अशा कुत्र्याला नाकारणाऱ्या टॅक्सीवाल्याला एक हजार पौंडांपर्यंत दंड होतो. सूट मिळते ती वैद्यकीय कारणासाठी, धर्मासाठी नाही. उलट त्याच देशात लेस्टरच्या एका मशिदीने २००८ साली नाबीना नमाजीच्या कुत्र्यासाठी आवारात जागा करून दिली, आणि त्याला तिथल्या शरियत कौन्सिलचा फतवा होता. नमाजच्या जागेत कुत्रा गेला नाही आणि नमाजी बाहेर राहिला नाही.

मसला आलिमांनी सांगावा, आम्ही कापडवाले. पण मदरशात न गेलेल्यालाही एवढे माहीत असते की मालिकी मजहबात जिवंत कुत्रा पाक मानतात, हनफी त्याची लाळ नापाक मानतात आणि आपले कोकणी बंधू शाफई असल्याने अधिक कडक आहेत. तरी त्यांच्यातही कोरड्याला कोरडे लागून नापाकी होत नाही. लाळ लागली तर धुण्याची रीत ठरलेली आहे. शिकवलेल्या कुत्र्याने पकडलेली शिकार खाण्याची मुभा कुराण शरीफात आहे, म्हणजे शिकवलेला कुत्रा ही आपल्याला अनोळखी गोष्ट नाही. कुत्रा बरोबर आहे म्हणून माणसाला माल विकू नका, असे आम्हाला कोणत्याही आलिमाने सांगितलेले नाही. त्यापेक्षा हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) आठवावेत. ते नाबीना होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून सूरह अबस उतरली, आणि पुढे मदिनेबाहेर जाताना प्रेषितांनी (स.) शहराचा कारभार त्यांच्यावर सोपवला. नाबीना माणूस दारात आला तर काय करावे, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको होते.

आता थोडे स्वतःविषयी. तरुणपणी आम्हीही यंत्रमागाच्या साड्या हातमागाच्या म्हणून विकल्या आहेत. पेठेत सगळेच विकत होते, हे त्याचे उत्तर नाही. पुढे एकदा एक म्हातारा विणकर स्वतः विणलेल्या दोन साड्या घेऊन आमच्या दुकानात आला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने साडी हातात घेतली आणि म्हटले, हातमाग-हातमाग सगळेच म्हणतात, यंत्रमागाचा भाव सांगा. विणकराने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. बोलणार काय? त्या गिऱ्हाइकाचा ऐतबार आमच्यासारख्यांनीच घालवला होता. त्याची किंमत त्या म्हाताऱ्याने मोजली. खोटे जाकीट घालणारा अमेरिकेत आणि खोटे लेबल लावणारा इथे, दोघांचा गुन्हा एकच आहे. तो दुकानदाराला फसवतो त्याहून जास्त खऱ्याला लुटतो. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला दाणा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांनी (स.) फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत.

भाच्याला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. ते दोन प्रश्न लिहून गल्ल्याजवळ लावून ठेव आणि नोकरांना पाठ करायला लाव. घाण करणारा किंवा न आवरणारा कुत्रा असेल तर न भिता, पण अदबीने बाहेर काढ. आणि त्या बाईचा पत्ता मिळत असेल तर जाऊन माफी माग. तिसरे काम त्याला जड वाटले. तरी तो गेला. त्यानंतर ती बाई दोनदा दुकानात येऊन गेली. कुत्रा काउंटरजवळ बसून होता आणि कोणाला त्रास झाला नाही.

आपल्याकडे आंधळा माणूस बहुधा पांढरी काठी घेऊन येतो, कुत्रा घेऊन नव्हे. त्या काठीला आपल्या दुकानाच्या पायरीवर किती जागा आहे, हे प्रत्येक व्यापारी बंधूने आज दुकान वाढवताना एकदा पाहावे. माल बाहेर मांडून आपण पायरी अडवली असेल, तर तो आजच आत घ्यावा.